गव्याच्या नावावर

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा तिकडच्या माणसांना वाटायचं, ही बाई सारखी भांडत असते. भांडत नव्हते मी. चिरमुऱ्याच्या भट्टीशेजारी वाढलेल्या माणसाचा आवाज तसाच होतो. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांच्या दुकानांमागं एक बोळ होता, त्याच्या टोकाला आमची भट्टी. पुढं भट्टी आणि मागं दोन खोल्या. कढईतली वाळू पुरेशी तापली की आबा मिठाच्या पाण्यात मुरलेले तांदूळ तिच्यात सोडायचे, आणि मग जो तडतडाट सुरू व्हायचा त्यात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. आई समोर मोठी लोखंडी चाळण घेऊन उभी असायची. वाळू खाली गळायची, फुललेले चिरमुरे वर राहायचे, आणि तिच्या भुवयांवर बारीक पांढरी धूळ बसलेली असायची. सकाळची न्याहारी म्हणजे तेच गरम चिरमुरे, त्यावर कच्च्या तेलात कालवलेली कांदा-लसूण चटणी, चिरलेला कांदा आणि मूठभर शेंगदाणे. चटणी लागून ते मऊ पडायच्या आत संपवायचे असायचे, म्हणून आम्ही भावंडं उभ्याउभ्याच खायचो. आजही मला बसून, सावकाश न्याहारी करता येत नाही.

चिरमुऱ्याचं पोतं आकारानं माणसाएवढं आणि वजनाला काहीच नसतं. ही पोती दुकानादुकानांत पोचवायचं काम माझ्याकडं होतं. थोरला भाऊ होता, पण त्याला पोती घेऊन बाजारातून फिरायची लाज वाटायची. मला वाटली नाही. आबांच्या काळ्या सायकलला मागं दोन बाजूंनी दोन पोती आणि वर एक आडवं, असं बांधून मी निघायचे. मागून बघणाऱ्याला पोतीच चाललेली दिसायची, पोरगी दिसायची नाही. पंचगंगेच्या पुलावर वारा त्या पोत्यांना असा धरायचा की सायकल चाकांखालून निसटतेय असं वाटावं. वाऱ्यावर कसं रेलायचं, कधी पायडल दाबायचं आणि कधी नुसतं धरून ठेवायचं, हे मला त्या पुलानं शिकवलं.

आमच्या बोळाच्या तोंडाला बाबालाल चाचांचं सायकलचं दुकान होतं. नसरीन ही त्यांची मधली मुलगी, माझ्याच वर्गातली. शाळेतून आली की दप्तर टाकून ती दुकानात बसायची. चाकाची आउट काढायचं, म्हणजे वाकडं चाक सरळ करायचं काम चाचांनी तिच्यावरच सोपवलं होतं. चाक फिरवून, कान जवळ नेऊन, एकेक तार बोटानं छेडून ती सांगायची, ही ढिली, ही ताठ. दुरुस्त झालेली सायकल चालते का ते बघायला ती स्टँडपर्यंत एक फेरी मारून यायची, आणि त्या फेरीत माझी तिची रोज शर्यत लागायची. मी पोत्यांसकट, ती मोकळी. तरी कधीकधी मी जिंकायचे. मग ती म्हणायची, "तुला वाऱ्यानं ढकललं. मी आपल्या पायानं आलो." आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायचो. बाहेरचे लोक हसतात. हसू देत.

आमच्या शाळेतल्या माने सरांनी आम्हा दोघींना त्या शर्यतीत बघितलं आणि सायकलिंगच्या संघात घेतलं. संघ म्हणजे पाच पोरी. रेसर सायकली कुणाकडंच नव्हत्या. चाचांनी जुन्या सायकलींचे मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी, सगळं उतरवलं आणि हँडल उलटं वाकवून बसवलं. नसरीनची सायकल त्यांनी सगळ्यात शेवटी केली आणि सगळ्यात मन लावून केली. मग एक मोठे चेअरमन आमच्या मागं उभे राहिले. कुठल्या संस्थेचे ते मी लिहीत नाही, आणि पुढं ज्या मुलाचं नाव येईल तेही मी बदललेलं आहे. त्याला रणजित म्हणू. घाबरून बदललेलं नाही. त्याचीही नातवंडं आता शाळेत जातात आणि त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही, म्हणून बदललंय. चेअरमननी आम्हाला पिवळे बनियन दिले आणि रविवारच्या सरावाला आपली जीप दिली. जीप चालवायला त्यांचा मुलगा रणजित. वय एकवीस-बावीस, काळा चष्मा, तोंडात सारखं काहीतरी. माने सर त्याच्या शेजारी बसायचे आणि त्याच्या प्रत्येक विनोदाला हसायचे.

रविवारी उजाडताना सायकली जीपच्या टपावर बांधून आम्ही राधानगरीपर्यंत जायचो. तिथून पुढं पायडल. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता अभयारण्यात शिरतो आणि चढत जातो, वळतो, पुन्हा चढतो. दोन्ही बाजूंना अंजन आणि जांभूळ, एवढी दाट की दहा वाजले तरी रस्त्यावर उन्हाचे नुसते तुकडे. तांबडी माती, ओल्या पानांचा वास, आणि आपल्याच श्वासाचा आवाज. भट्टीच्या तडतडाटात वाढलेल्या मला ती शांतता पहिल्यांदा सहनच झाली नाही. मी मुद्दाम ओरडून बघितलं. नसरीन म्हणाली, "गप की! ऐक जरा." ती पुढं होती. चढावर ती कायम पुढंच असायची. मी मागून तिची टाच बघत यायचे. टाच खाली, टाच वर, एका लयीत, कुठं घाई नाही. ते चढ संपूच नयेत असं वाटायचं, आणि त्याच वेळी मांड्या पेटलेल्या असायच्या. वर दाजीपूरला पोचलो की एका घरातली बाई आम्हाला तांदळाची भाकरी आणि नाचणीचं आंबील द्यायची. अजून एखाद्या घरी आंबील समोर आलं की माझ्या मांड्या दुखायला लागतात.

गेल्या वर्षी मुलाबरोबर गाडीतून त्या रस्त्यानं गेले होते. रविवारच असावा. हलक्याफुलक्या परदेशी सायकली, डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला चिकटलेले कपडे घातलेली पंधरावीस पोरं-पोरी चढ चढत होती. बघून बरं वाटलं. एका वळणावर ती सगळी पाणी प्यायला थांबली होती, म्हणून आम्हीही थांबलो. त्यातली एक गोड मुलगी मला म्हणाली, "काकू, इथंच म्हणे पूर्वी एका सायकलवाल्या मुलीला गव्यानं उडवलं होतं. आम्हाला ग्रुपवर सांगितलंय, सांभाळून जा." माझं तोंड कडू झालं. एवढी वर्षं गेली. ज्यांनी ते पसरवलं त्यातले निम्मे मेले. तरी खोटं अजून त्या वळणावर उभं आहे. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

त्या रविवारी आम्हाला गवा दिसला होता, हे खरं आहे. खोटं रचणाऱ्यांना तेवढंच खरं पुरलं. चढताना एका ओढ्याजवळ तो रस्त्याच्या कडेला उभा होता. काळाभोर, खांद्याशी उंच, आणि चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. नसरीननं हात वर करून आम्हाला थांबवलं. आम्ही पाचही जणी सायकलींवरून उतरून उभ्या राहिलो. गव्यानं आमच्याकडं बघितलं, नाकातून एकदा फुरफुर केली, पान तोडलं आणि चावत राहिला. एवढ्यात मागून जीप आली आणि रणजितनं कर्कश हॉर्न वाजवला. गवा दचकला. तो आमच्यावर आला असता तर चूक कुणाची असती? पण तो आला नाही. वळला, आणि एवढं मोठं धूड आवाज न करता झाडीत गेलं. नसरीन जीपपाशी गेली. "हॉर्न कशाला वाजवलासा? तो काय रस्ता अडवून बसलाय व्हय?" रणजित हसला. सर म्हणाले, "जाऊ दे गं, सायकलवर बस."

रणजितला एक खोड होती. उतारावर तो जीप आमच्या मागच्या चाकाला अगदी भिडवून आणायचा, हाताच्या अंतरावर, आणि हॉर्न वाजवत ओरडायचा, "पळा, पळा!" याला तो सराव म्हणायचा. सरांना आम्ही दोनदा सांगितलं होतं. सर म्हणाले, "अगं, वेग वाढतो त्यानं." परत येताना उतारावर नसरीन नेहमीप्रमाणं पुढं होती, मग मी, बाकीच्या तिघी बऱ्याच मागं. जीप माझ्या अंगाला वारा देत पुढं गेली आणि तिच्या मागं लागली. मी मागून बघत होते. मधे काहीच नव्हतं, ना झाड, ना धूळ, ना जनावर. जीपचा काळा बंपर तिच्या मागच्या चाकाला लागला. आवाज फार मोठा झाला नाही. चाक वाकडं झालं, सायकल आडवी झाली, आणि नसरीन रस्त्यावरून घसरत कडेच्या दगडांवर जाऊन पडली.

मी सायकल टाकून धावले. तिचा डावा पाय गुडघ्याच्या वर जिथं वाकायला नको तिथं वाकलेला होता. ती ओरडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते आणि ती सारखी विचारत होती, "सायकलचं काय झालं? अब्बा मारतील." रणजित जीपमधून उतरला, चष्मा काढला, पुन्हा घातला. तोही घाबरला होता, हेही मी लिहिते. सर खाली वाकले, मग उभे राहिले, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. कुणी येत नव्हतं. तोवर मागच्या तिघी पोचल्या, आणि आम्ही तिला उचलून जीपमध्ये घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. सगळ्या सायकली टपावर चढवल्या, तिचीसुद्धा. जीप निघाली. धरणाचं पाणी दिसायला लागलं. मग रणजित समोर बघत म्हणाला, "गवा आडवा आला. काय सर?"

सर खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं ते आता त्याच्या कानाखाली जाळ काढतील. वर्गात वेणीची रिबीन सुटली तरी ते आम्हाला फोडून काढायचे. सर म्हणाले, "व्हय. आलाच की."

मी तिथंच ओरडायला हवं होतं. एवढ्या मोठ्या आवाजाची मी. माझ्या मांडीवर ती कण्हत होती, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. राधानगरीच्या दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "काय झालं?" सर म्हणाले, "गवा." कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. "गवा." बाबालाल चाचा धावत आले, तेव्हा स्वतः चेअरमन तिथं हजर होते. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगी वाचली चाचा. आमच्या रणजितनं जीप मधे घातली म्हणून वाचली. न्हायतर गव्यानं चिरडली असती." म्हणजे दोन-तीन तासांत गोष्टीला शेपूटही फुटलं होतं. नुसता गवा आला नव्हता, रणजितनं जीप मधे घालून तिला वाचवलंही होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच आलं. पुढच्या आठवड्यात कुणी हौशी पोरं फटाके घेऊन त्या ओढ्याकडं गेली आणि कळप हुसकून आली. जनावराला जबाब देता येत नाही, हे त्या सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला अजून लाज वाटते, पण ते सोडून बाकीचं लिहिलं तर हेही खोटंच होईल. पंधरा दिवसांनी रणजितचा सत्कार झाला. एका सभागृहात, फेटा, शाल, श्रीफळ. आम्हा चार पोरींना पिवळे बनियन घालून पहिल्या रांगेत बसवलं. सरांनी मला आत बोलावलं आणि हातात ताट दिलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. "तू नसरीनची मैत्रीण. तू ओवाळ. बहिणीचा जीव वाचवणाऱ्या भावाला ओवाळायचं." मी म्हणाले, "सर, तुम्ही जीपमधीच हुता की." सर एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात स्पर्धा हाय. जायचं हाय का न्हाय?" मी गेले. स्टेजवर उभी राहून मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तीनदा ताट फिरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रणजितनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या अंगठ्याला कुंकू तसंच राहिलं होतं. ते मी घरी येऊन राखेनं घासून काढलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. नसरीनचा पाय वजनं लावून टांगून ठेवला होता. उशाशी चाचींनी आणलेला डबा तसाच पडला होता. तिला सगळं आधीच कळलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलानं पेपर वाचून दाखवला होता.

"तू ओवाळलंस त्याला?" तिनं विचारलं.

मी मान खाली घातली.

"बोल की. एरवी एवढं बोलतीस. ओवाळलंस?"

"व्हय."

"आणि कुंकू?"

"ते पण."

मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "शालन, मला गव्यानं न्हाय मारलं. मला जीपनं मारलंय. मला इथं सगळी विचारायला येत्यात, गवा केवढा हुता? शिंगं केवढी हुती? मी किती जणांस्नी सांगू? मी सांगतो तर म्हणत्यात, डोक्याला मार लागलाय, भ्रम झालाय. तू बघितलंस. तुझ्या डोक्याला काय लागलं न्हाय." मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. "जा आता. तुझी स्पर्धा आली असंल."

मी घरी आले तेव्हा भट्टी चालू होती. आई चाळत होती. मी तिच्यासमोर उभी राहून, त्या तडतडाटावर आवाज चढवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. जीप, बंपर, सर, ताट. मोठ्यानं सांगावं लागलं हे बरंच झालं. हळू आवाजात मला ते सांगता आलं नसतं. आबांनी कढईखालचा जाळ ओढला. एकदम शांत झालं. आबा म्हणाले, "आपण लहान माणसं. चेअरमनच्या सगळ्या संस्थांस्नी दिवाळीला आपलंच चिरमुरं जात्यात. आणि पोरगी काय आता बरी हुणार व्हय, तू बोललीस म्हणून?"

आईनं चाळण खाली ठेवली. भुवयांवरची धूळ पदरानं पुसली. ती शाळेत गेलेली नव्हती आणि चारचौघांत कधी बोलायची नाही. ती मला म्हणाली, "त्याला ओवाळायला सांगितलं तवा तू गेलीस. आता मी सांगतो, चौकीत चल."

वाटेत ती चाचांच्या दुकानात थांबली. चाचा पंक्चर काढत बसले होते. ते या पंधरा दिवसांत वाळून गेले होते. आई म्हणाली, "चाचा, पोरगीनं सगळं बघितलंय. जबाब द्यायला चाललोय. तुम्ही चला." चाचांनी हात पुसले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ते आत गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं एक चाक घेऊन आले. नसरीनच्या सायकलचं मागचं चाक.

"मला पयल्या दिशीच कळलंय, वहिनी," ते म्हणाले. "तीस वर्सं चाकं सरळ करतोय. हे बगा. मार बराबर पाठीमागनं बसलाय, सरळ. गवा बाजूनं येतोय, शिंगानं उचलतोय. आणि हितं रिमला काळा रंग घासलाय. गव्याच्या शिंगाला रंग कोन लावतंय?" मग ते आमच्याकडं न बघता म्हणाले, "पर मी येत न्हाय. ही दुकानाची जागा त्यांच्या संस्थेची हाय. घरात सात तोंडं हायत. चाक तेवढं घिऊन जावा."

मला त्यांचा राग आला होता. आज येत नाही. त्यांनी ते चाक पंधरा दिवस सरळ केलं नव्हतं. ज्यांच्या हाताला वाकडं चाक बघवत नसे, त्यांनी ते तसंच गुंडाळून ठेवलं होतं. त्यांच्या अंगात जेवढं बळ उरलं होतं तेवढं त्यांनी केलं. ज्यांच्या अंगात सगळं बळ होतं त्यांनी काय केलं, ते वर लिहिलंच आहे.

आई डोक्यावर पदर घेऊन, हातात ते वाकडं चाक धरून शाहूपुरीच्या भर बाजारातून चालली. मी मागं. दुकानांतून लोक विचारत होते, "काय वहिनी, सायकल मोडली?" आई म्हणायची, "व्हय." चौकीतला हवालदार वयस्क होता. त्यानं माझं ऐकून घेतलं, लिहिलं, आणि कागद पुढं सरकवला. "कर सही." आई म्हणाली, "वाच आधी. मोठ्यानं." मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, गवा अचानक आडवा आल्याने.

"मी असं न्हाय सांगितलं," मी म्हणाले.

"अगं बाई, गडबडीत माणसाला दिसतंय एक आणि वाटतंय एक," हवालदार म्हणाला. "तुझं वय काय? कुणाच्या पोराचं नाव घेतीयास कळतंय का?"

आईनं चाक उचललं आणि त्याच्या टेबलावर, सगळ्या कागदांवर ठेवलं. शाईची बाटली आडवी होता होता वाचली. "खरं लिवा. मग उचलतो," ती म्हणाली आणि बाकावर बसली. हवालदार ओरडला. आई बसून राहिली. दुसरे दोघं आले, हसले, गेले. जेवायची वेळ झाली. हवालदारानं डबा खिडकीत ठेवून खाल्ला, कारण टेबलावर चाक होतं. ऊन उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा त्यानं नवीन कागद घेतला. "लिवतो," तो म्हणाला. "पर मावशी, याचा काय उपेग हुनार न्हाय, सांगून ठेवतो." मी एकेक वाक्य सांगितलं, त्यानं लिहिलं. मी मोठ्यानं वाचलं. मग सही केली. चाक त्यांनी ठेवून घेतलं आणि त्याला चिठ्ठी बांधली.

त्या दिवाळीला चेअरमनच्या संस्थांना आमचे चिरमुरे गेले नाहीत. मला संघातून काढलं. बाकीच्या तिघींनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांना घरून तसं सांगितलं होतं. चाचांनी स्वतःहूनच दुकान हलवलं, लांब, एका नाक्यावर. आबा वर्षभर माझ्याशी तुटकच बोलायचे. आईला मात्र ते एकदा म्हणाले, "चाक टेबलावर ठेवलंस व्हय खरंच?" आणि हसू दाबत कढईकडं वळले. नसरीनला मी चौकीतून थेट जाऊन सांगितलं होतं. तिनं सगळं दोनदा सांगायला लावलं, मग डबा उघडला आणि म्हणाली, "ये. अम्मीनं खिमा दिलाय. गार झालाय, पण खा."

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. मी साक्ष दिली. नसरीन काठी टेकत आली. पाय बोटभर आखूड झाला होता आणि गुडघा पुरता वाकत नव्हता. आमच्या संघातल्या बाकीच्या तिघी पोरी म्हणाल्या, आम्ही फार मागं होतो, काही दिसलं नाही. माने सर पिंजऱ्यात उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. ते म्हणाले, "मला डुलकी लागली होती." हॉर्न वाजवत, आरडाओरडा करत उतारावरून पळणाऱ्या जीपमध्ये डुलकी! मी जागेवरून ओरडले, तेव्हा मला गप्प बसायला सांगितलं गेलं. मग चाक पुढं आलं आणि त्यावरचा काळा रंग सगळ्यांनी बघितला. रणजितचा वकील हुशार होता. त्यानं गवा तिथल्या तिथं सोडून दिला. त्या दिवसानंतर गव्याचं नावही त्यानं घेतलं नाही. आता तो म्हणाला, मुलीचा स्वतःचा तोल गेला, ती जीपच्या समोर आली, बिचाऱ्या चालकाला ब्रेक लावायला वेळच मिळाला नाही. जिला वाचवलं म्हणून हा माणूस फेटा बांधून मिरवला होता, तीच आता त्याच्या जीपपुढं येऊन पडली होती. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापैकी कुणालाही यात काही विचित्र वाटलं नाही. रणजित संशयाचा फायदा मिळून सुटला. पुढं तो मोठा झाला, बापाच्या खुर्चीत बसला. सरांना आदर्श म्हणून कसलासा मान मिळाल्याचंही ऐकलं.

निकालाच्या दिवशी बाहेर येऊन मी कोर्टाच्या भिंतीला टेकले आणि रागानं मला रडू फुटलं. नसरीन काठीवर वजन टाकून माझ्याकडं बघत होती. तिच्या हातात निकालाची नक्कल होती. वकिलानं वाचून दाखवली तेव्हा तिनं दोनदा थांबवून एक गोष्ट विचारून घेतली होती. आता ती म्हणाली, "अगं, खुळी काय? रडतीस काय? त्यात गव्याचं नावच न्हाय. गवा सुटला की!"

आणि ती हसली. खरंच हसली, पोटातून, काठी हलत होती. टपरीवरचे लोक बघायला लागले. तिनं माझा हात ओढला आणि दोन चहा सांगितले.

मला तेव्हा हसू आलं नाही. अजूनही येत नाही.